सूप न खाणाऱ्याची बायको

माझ्या वहिनीनं, आनातिल्देनं, आयुष्यात कुणाला उपाशी पाठवलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. तिच्या दारी आलेला माणूस विजेचं मीटर बघायला आलेला असो की भांडायला, त्यानं आधी एक वाडगा सूप संपवायचं आणि मगच तोंड उघडायचं. भांडायला आलेल्यांतले निम्मे भांडण विसरायचे. उरलेले ढेकर देत देत भांडायचे, आणि ढेकर देत केलेल्या भांडणात काही राम नसतो.

आमचं गाव डोंगरावर, थंडीचं. इथं जेवण सूपनं सुरू होतं आणि गरिबाच्या घरी सूपनंच संपतं. सूप म्हणजे पाणी नव्हे बरं का. चमचा उभा राहिला पाहिजे. आमच्याकडे सूप पीत नाहीत, खातात. रविवारच्या बाजारात वहिनीचं दुकान लागायचं, म्हणजे एक चूल, एक पातेलं आणि वहिनी. गव्हाचा भरडा आणि डुकराच्या पाठकण्याची हाडं घालून ती जे कुचुको करायची ते न्यायला तुन्हा शहरातून लोक डबे घेऊन यायचे. बाजार उठायच्या आधी पातेलं रिकामं.

आणि अशा बाईचं लग्न कुणाशी व्हावं? माझ्या भावाशी. कुस्तोदियो, माझा थोरला दादा. अख्ख्या बोयाका प्रांतात सूप न खाणारा एकच माणूस असेल तर तो हा.

त्याला कारण होतं. आम्ही लहान असताना घरात दुसरं काही नसायचंच. आई एक पातेलं चढवायची, त्यात दोन बटाटे पोहायचे, आणि तेच सकाळी, तेच संध्याकाळी. दादा शेतावर मजुरीला जायला लागला त्या दिवशी त्यानं जाहीर केलं की यापुढे मी ज्याला चावावं लागतं तेच खाणार. बटाटा, मक्याची जाड भाकरी म्हणजे आरेपा, चीज, मांसाचा तुकडा. बस्स. लग्नाआधी मी आनातिल्देला हे सगळं सांगितलं. म्हटलं, बाई गं, तू सूपवाली, हा सूपचा वैरी, विचार कर. ती म्हणाली, "वन्सं, ते तुमच्या आईचं सूप होतं. माझं नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. मी गप्प बसले. म्हणजे त्या दिवसापुरती.

लग्नानंतर रोज दुपारी ती त्याच्यापुढे सूपचा वाडगा ठेवायची आणि म्हणायची, "अहो, जेवायला बसा." दादा बसायचा. उजव्या नाहीतर डाव्या हाताचं एक बोट वाडग्याला लावायचा आणि तो हळूच बाजूला सारायचा. रागानं नाही हं. ताटाशी मांजर आलं तर सारतात तसं. मग शांतपणे बटाटा सोलायचा. ती काही बोलायची नाही, तोही काही बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत वाडगा, परत बोट. चाळीस वर्षं! एकदा मी तिला विचारलं, "अगं, कशाला ठेवतेस रोज?" तर म्हणते, "आज दुसरं सूप आहे."

तो सारलेला वाडगा मधल्या भिंतीवरून माझ्याकडे यायचा. मी शेजारीच राहते, लग्न केलं नाही, एकटीचा स्वयंपाक कोण करणार. माझ्या अंगावर आज जे काही मांस आहे ते दादाच्या नकाराचं आहे. म्हणून मला त्यांच्या भांडणात पडायचं काही कारण नव्हतं.

दादाला झटका आला तो तेखो खेळताना. आमच्याकडे पुरुष लोखंडी चकत्या मातीत फेकतात, मातीत बारुदाच्या पुड्या असतात, चकती नेमकी बसली की पुडी फुटते आणि सगळे बिअर पितात. दादानं चकती फेकली, बारूद धाडकन फुटली, सगळ्यांनी आरोळी ठोकली आणि हा खाली पडला. सगळ्यांना वाटलं, आनंदानं पडला. हातातली बाटली संपेपर्यंत कुणी त्याला उचललं नाही मेल्यांनी.

उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि गिळणंही गेलं. पाण्याचा घोट दिला तरी तो पोटाऐवजी फुफ्फुसात जायचा. शहरातल्या हॉस्पिटलात नाकातून नळी घातली, ती त्यानं डाव्या हातानं उपटली. मग पोटाला बाहेरून भोक पाडून तिथं नळी बसवली आणि त्याला घरी पाठवला. सोबत पावडरचे डबे दिले. पाण्यात कालवायची आणि मोठ्या सिरिंजनं नळीत सोडायची.

वहिनीनं डबा उघडून वास घेतला. "हे काय?"

नळी कशी वापरायची ते दाखवायला आलेली नर्स म्हणाली, "पोषण आहे."

"कशापासून केलंय?"

नर्सला सांगता येईना. वहिनीनं चमचाभर पावडर कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे गेल्या. झालं, निकाल लागला. त्या दिवशी वहिनीनं मिक्सर काढला, कुचुको त्यात घातलं, फिरवलं, गाळणीतून गाळलं, परत फिरवलं. एरवी ठेवायची तसाच वाडगा दादापुढच्या स्टुलावर ठेवला, कारण ज्याला जेवायचंय त्यानं आधी अन्न पाहिलं पाहिजे. "अहो, जेवायला बसा," म्हणाली. दादा आडवाच होता. मग वाडग्यातून सिरिंज भरली आणि नळीत सोडली.

सगळं आत गेलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "वन्सं, खाल्लं हो यांनी!"

"खाल्लं कसलं," मी म्हटलं. "तोंडाला न विचारता आत गेलं."

माझं हे बोलणं तिला लागलं. लागू दे म्हटलं. पण गावाला काही ते पटलं नाही. बायका बघायला येऊ लागल्या. चाळीस वर्षांत जे झालं नाही ते झालं, कुस्तोदियो सूप खातो! एकीनं तर मेणबत्ती लावली. दादा छताकडे बघत पडलेला असायचा, आणि याच्या पोटात आज मक्याचं, उद्या हरभऱ्याचं, परवा दुधाअंड्याचं.

नर्सनं बजावलं होतं की घरचं सूप नळीत घालू नका, अडकेल. वहिनीनं ते एका कानानं ऐकलं. एके दिवशी हाडाचा एक कण गाळणीतून निसटला आणि नळी तुंबली. वहिनीनं सिरिंजचा दट्ट्या दाबला. जाईना. तिनं अंगाचा भार टाकून दाबला. वहिनीचा भार काही कमी नाही. नळी सांध्यातून सुटली आणि कुचुको उडालं ते छतावर, माझ्या नव्या शालीवर, आणि भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीवर, बरोबर तोंडावर. वहिनी थिजली. मी म्हटलं, "चला, घरात कुणीतरी तोंडानं चाखलं."

दादा हसला. खरंच सांगते. डाव्या बाजूनं, अर्धा. ते त्याचं शेवटचं हसू.

कारण त्यानंतर दुसरा झटका आला, आणि दादा जो खालावला तो सावरलाच नाही. पाठीला जखमा. छातीत कफ. नळीतून घातलेलं पोटातून उलटं वर यायचं, घशात घुरघुरायचं, तिथून फुफ्फुसात उतरायचं आणि ताप भरायचा. हॉस्पिटल, घर, परत हॉस्पिटल. आता सूप बंद, नर्सनं दटावून डब्यावर आणलं होतं, पण डब्यातलं तरी कुठं राहत होतं? आणि डावा हात सतत पोटाकडे. एकदा त्यानं नळी उपटलीच. परत शहरात नेऊन बसवावी लागली.

तेव्हा वहिनीनं लोकरीचा एक मोजा विणला. बोटं नसलेला, पिशवीसारखा. तो त्याच्या डाव्या हातावर चढवला, आणि आपल्या अ‍ॅप्रनची दोरी काढून मनगट पलंगाच्या दांडीला बांधून टाकलं. मोज्यावर तिनं नक्षीसुद्धा काढली होती, लाल पक्षी. ती नक्षी पाहून माझं डोकं फिरलं.

"वहिनी, हा माणूस आहे की खेचर?"

"नळी ओढतात ते."

"का ओढतो ते विचारलंस?"

"बोलता येत नाही त्यांना, वन्सं."

"म्हणून तर हातानं सांगतोय! आणि तू हातच बांधलास!"

ती वळली. वहिनी कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "मग काय करू? उपाशी मारू तुमच्या भावाला? माझ्या दारातून भिकारी उपाशी गेला नाही. हे जातील?"

 मी दार आपटून घरी आले. मागाहून भिंतीवरून वाडगा आला. रागारागानं खाल्ला.

मुलगा बोगोटाला, बस चालवतो. एव्हेर त्याचं नाव. त्याला फोन केला तर म्हणे, "आई, सगळं करा. जे जे करता येईल ते सगळं." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! तू येऊन एकदा बापाचं थुंकीनं भरलेलं उशीचं कापड बदल, मग सांग सगळं करा.

मग मी फादर एफ्रेनना बोलावलं. म्हटलं, माझं ऐकत नाही, देवाघरच्या माणसाचं तरी ऐकेल. फादर आले. अर्थातच आधी सूप. दोन वाडगे. मग रुमालानं तोंड पुसून म्हणाले, "आनातिल्दे, अन्नपाणी साधारणपणे द्यावंच. पण शरीर ते घेतच नसेल, नुसता त्रासच होत असेल, तर सक्ती नाही. बंद केलं तर ते पाप नाही."

"साधारणपणे म्हणजे किती, फादर?"

"म्हणजे... ज्याचं त्यानं बघून."

"तुम्ही स्वतः दोन वाडगे खाल्लेत," वहिनी म्हणाली, "आणि यांना देऊ नका म्हणता."

फादर लाजले. तिसरा वाडगा नको म्हणाले, पण तो त्यांना मिळालाच.

शेवटी आली ती डॉक्टरीण. युरानी नाव, पोरगीच होती, दातांना तारा लावलेल्या, रबरी बूट घालून चिखलातून मोटरसायकलवर आलेली. घरोघरी जाऊन बरे न होणारे रोगी बघणं हेच तिचं काम. वहिनीनं तिला सूप दिलं. तिनं हाडसुद्धा चोखून खाल्लं. म्हणून वहिनीनं तिचं बोलणं ऐकून घेतलं, नाहीतर दारातूनच परत पाठवली असती.

दादाला तपासून झाल्यावर ती वहिनीशेजारी बसली. गोड गोड काही बोलली नाही. "मावशी, यांचे आता फार दिवस नाहीत. नळीतलं त्यांच्या अंगी लागत नाहीये. जे घालतो ते फुफ्फुसात जातंय, त्यानंच ताप येतोय."

"म्हणजे नळी काढायची."

"काढायची, की असू द्यायची आणि काही घालायचं नाही, की चालू ठेवायचं, ते तुम्ही ठरवायचं. चालू ठेवलंत तरी मी येणारच. काढली तर भोक लवकर बुजतं, मग परत घालणं सोपं नाही, हे आधीच सांगते. तोंड ओलं ठेवायचं, कण्हले तर औषध मी देईन."

"म्हणजे उपाशी ठेवायचं."

"भूक लागते ती जगायला निघालेल्या शरीराला. हे शरीर परत निघालंय, मावशी. त्यांना आजार नेतोय. तुम्ही नाही."

"तसं तुम्ही म्हणता." वहिनीनं मान हलवली. "गाव काय म्हणेल? मी काय म्हणेन? तोंडापुढून अन्न काढून घेतलं, असंच ना?"

डॉक्टरिणीनं स्टेथोस्कोप गुंडाळून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "त्यांना काय हवं असेल?"

"ते कधी बोललेच नाहीत. बोलता येत होतं तेव्हाही."

तेवढ्यात दुपार झाली. वहिनी उठली. काहीही होवो, दुपारी ती उठते. दादाला सूप द्यायचं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, पण वाडगा तिनं रोजच्यासारखा स्टुलावर ठेवला आणि बाजूला पावडर कालवायला घेतली. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, तो हात जरा सोडा. मनगट बघू दे."

"ओढतील."

"मी आहे ना."

वहिनीनं दोरी सोडली आणि मोजा काढला. आतला हात पांढरा पडला होता, त्यावर लोकरीचे टाके उठले होते. डॉक्टरिणीनं मनगट पाहिलं, बोटं एकेक हलवून पाहिली, आणि मलम काढायला पिशवीत वाकली. वहिनीनं सिरिंज भरली आणि सवयीनं म्हणाली, "अहो, जेवायला बसा."

दादाचा हात उठला. मला वाटलं, आता नळी. वहिनीलाही तेच वाटलं, तिनं दुसरा हात पुढे केला. पण तो हात पोटाकडे गेलाच नाही. स्टुलाकडे गेला. किती वेळ लागला त्याला! वाडग्यापाशी पोचला, एक बोट लावलं, आणि वाडगा हळूच बाजूला सारला. फार नाही. नेहमी जेवढा सारायचा तेवढाच. मग हात खाली पडला.

वहिनी सिरिंज धरून उभी राहिली.

डॉक्टरिणीनं वर पाहिलं. "हात हलतोय की! छान."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "पाहिलंत?"

"पाहिलं."

"तेच ना?"

"तेच."

डॉक्टरिणीला काही कळेना, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. बोटाचं, वाडग्याचं, चाळीस वर्षांचं. पोरगी प्रामाणिक. म्हणाली, "मावशी, एवढ्यावरून त्यांनी नकार दिला असं मला डॉक्टर म्हणून सांगता येणार नाही. हात नुसता हललाही असेल."

"तुम्हाला सांगायला कुणी सांगितलंय?" वहिनी म्हणाली. "ते तुमच्याशी नाही बोलले."

ती खाली बसली. सिरिंज मांडीवर. आणि एवढं बोलली जेवढं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "वन्सं, मी रोज वाडगा ठेवायचे. ते नको म्हणायचे. मी राग धरला नाही, कारण मी नुसतं ठेवत होते. खाणं न खाणं त्यांच्या हातात होतं. ठेवणं वेगळं आणि घालणं वेगळं. मी गेलं वर्षभर घालतेय. ते नको म्हणत होते आणि मी हात बांधून घालत होते. आणि मला वाटत होतं, मी जिंकले." मग ती रडली. मोठ्यानं, बाजारात ऐकू जाईल असं. मी तिला इतकी वर्षं टोमणे मारत आले, पण त्या वेळी मी तिच्या मांडीवरची सिरिंज तेवढी उचलून बाजूला ठेवली. मला माझा भाऊ पाहिजे होता आणि माझी वहिनीही पाहिजे होती, आणि दोघंही माझ्या समोर मोडत होते.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "काढा ती."

डॉक्टरिणीनं परत परत विचारलं. वहिनीनं परत परत तेच सांगितलं. मग म्हणाली, "थांबा, पोराला सांगते." एव्हेर फोनवर ओरडला, मला पार भिंतीपाशी उभी असून ऐकू आलं. "आई, तू बाबांना मारतेयस!"

"ये," वहिनी म्हणाली. "सिरिंज तुझ्यासाठी ठेवते. तू बांध हात, तू घाल. मी नाही घालणार."

तो दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या गाडीनं आला, भांडायच्या तयारीनं. बापाजवळ बसला, तो सोडलेला हात पाहिला, मनगटावरचे वळ पाहिले. मग उठून चुलीपाशी गेला आणि उभ्याउभ्या सूप खात रडला. सिरिंज त्यानं मागितली नाही. संध्याकाळपर्यंत नळी निघाली होती.

आता गावाचं सांगून टाकते, म्हणजे एकदाचं मोकळं होईल. दादा गेल्यावर गाव जे बोलायचं ते बोललं. सूपवालीनं स्वतःच्या नवऱ्याला उपाशी मारलं. ज्या बाईनं नळीतून सूप गेलं म्हणून मेणबत्ती लावली होती, तीच सगळ्यांत मोठ्यानं बोलली. बाजारात काही रविवार लोक वहिनीच्या चुलीसमोरून मान वळवून जायचे आणि अर्धं पातेलं घरी परत यायचं. वहिनीनं कुणाला उत्तर दिलं नाही. मी दिलं. प्रत्येकाला वेगळं दिलं, जसं ज्याला लागेल तसं. पुढे लोक परत आले, भूक लागल्यावर येतातच. पण आपल्याबद्दल काय बोलतात ते वहिनीला कायम ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच तिनं नळी काढायला सांगितली होती.

पण ते मागाहून. आधीचे दिवस सांगायचे राहिले.

नळी निघाली आणि ताप उतरला. घशातली घुरघुर कमी झाली. डॉक्टरीण येऊन औषध देऊन जायची. दादा शांत पडून असायचा. तळमळ नाही, कण्हणं नाही. हाल झाले ते वहिनीचे. तिला काय करावं कळेना. तासातासाला बोळ्यानं त्याचे ओठ ओले करायची, पण ओठ ओले करायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टरिणीनं चव द्यायला हरकत नाही म्हटलं होतं, म्हणून तिनं राखेत बटाटा भाजला, मीठ लावलं, आणि नखाएवढा चुरा त्याच्या ओठावर ठेवला. ओठ हलले. एव्हेर म्हणाला, नुसते हलले. मी म्हणते, चाखला. मग परत तिचे हात रिकामे. ती स्वयंपाकघरात जायची, पातेल्यापाशी उभी राहायची, परत यायची, दारात उभी राहायची, परत जायची. चाळीस वर्षांत ती या माणसापाशी हातात काही घेतल्याशिवाय कधी आलीच नव्हती.

रविवार उजाडला. तिनं बाजाराची चूल लावलीच नाही. दादाचा श्वास आता लांब लांब पडायला लागला होता. मी खुर्ची ओढून म्हटलं, "बस की गं इथं."

ती बसली. हात मांडीवर उघडे. थोड्या वेळानं अगदी हळू, लाजल्यासारखं विचारलं, "वन्सं, नुसतं बसून काय करतात?"

"हात धर त्याचा."

"कुठला?"

"बांधला होतास तो."

बोलून गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मीही नजर वळवली नाही. मग तिनं तो हात उचलला, दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यानं मनगटावरून फिरवत राहिली. दादाची बोटं तिच्या बोटांवर पडली आणि तिथंच राहिली.

बाजार भरला तसे लोक दाराशी यायला लागले. डबे घेऊन तुन्हाहून आलेली माणसं, आज चूल का नाही, सूप का नाही, बाई आजारी आहे का, असं विचारत. मी दारात उभी राहिले आणि प्रत्येकाला एकच सांगितलं. म्हटलं, आज सूप नाही. वहिनी कामात आहे.